खुर्ची आधी, वायर नंतर

"दोन्ही वायरी अगदी सारख्या लांबीच्या हव्यात हं, नाहीतर एका बाजूचा आवाज आधी पोचतो."

हे वाक्य मी आजवर निदान तीन जणांच्या तोंडून ऐकलंय. पहिल्यांदा २०११ साली एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात, दुसऱ्यांदा आमच्या भावोजींकडून (ते हे वाचणार आहेत, मला ठाऊक आहे, म्हणून जपून लिहितोय), आणि तिसऱ्यांदा मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका मुलाकडून. तो नव्या फ्लॅटमध्ये स्पीकर लावतोय आणि त्याने मला विचारलं की डावीकडे दोन मीटर पुरत असताना तिथेही आठ मीटर वायर घेऊन उरलेली सोफ्यामागे दडवावी का. मी त्याला "नको" म्हटलं, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. हा प्रश्न मला जरा जास्तच लागतो. का लागतो ते सांगायचं तर आमच्या मिरजोळ्याच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगताना मला थोडी लाज वाटते, पण सांगतो.

अण्णांची सत्तरी झाली तेव्हा आम्ही तिघा भावंडांनी मिळून त्यांना स्टिरिओ घ्यायचा ठरवला. अण्णा म्हणजे रेडिओचा माणूस. मिरजोळ्याला आमच्या घरी सकाळी आकाशवाणी लागायची ती रात्रीच्या बातम्यांनंतरच बंद व्हायची. नाट्यसंगीत हा त्यांचा जीव. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव, सगळी जुनी ७८च्या तबकड्यांवरची गाणी, जी पुढे कॅसेटवर आणि मग सीडीवर आली. रिटायर झाल्यावर निवांत आरामखुर्चीत बसून ऐकता यावीत, एवढाच हेतू.

दुकानात ॲम्प्लिफायर, सीडी प्लेयर आणि दोन स्पीकर मिळून बत्तीस हजारात झालं. मग आली वायर. दुकानदाराने जाड, पारदर्शक, आत तांबं चमकतंय अशी सुंदर वायर काढली. साडेआठशे रुपये मीटर. वर बाण छापलेले. "बाण स्पीकरकडे ठेवायचा, सिग्नल त्या दिशेने नीट जातो." आणि मग ते वाक्य, दोन्ही वायरी सारख्या लांबीच्या हव्यात. उरलेल्या वायरीची गुंडाळी मात्र करायची नाही, त्याची कॉइल होते.

आता हिशोब बघा. आमच्या बाहेरच्या खोलीत प्लग फक्त डाव्या कोपऱ्यात. ॲम्प तिथेच राहणार. उजवा स्पीकर जिथे हवा तिथे न्यायचा तर मधे दार, म्हणजे चौकटीवरून वायर न्यायची. दहा-अकरा मीटर तरी लागणार. दोन्ही सारख्या म्हणजे बावीस मीटर. साडेआठशेने गुणा. अठरा हजार सातशे! बत्तीस हजाराच्या सिस्टिमला! मग मीच तोडगा काढला. तीन-तीन मीटर घेऊ, पाच हजार शंभरात होतंय, आणि दोन्ही स्पीकर शोकेसवरच ठेवू.

तसंच केलं. शोकेस डाव्या कोपऱ्यात, त्यावर चार फुटांच्या अंतराने दोन स्पीकर, आणि अण्णांची खुर्ची खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीशी. वायरी मी स्वतः जोडल्या. बाण तपासून, टेपने लांबी मोजून, दोन्ही काटेकोर तीन मीटर.

पहिल्याच आठवड्यात अण्णा म्हणाले, "अरे, गाणारा मधे बसत नाही. कुठनंतरी सगळीकडनं येतोय आवाज. आणि डग्गा गेला कुठे?"

आम्ही म्हटलं, सवय होईल.

वर्षभराने परत तेच. "रेडिओवर डग्गा लागतो रे, ह्याच्यात नाही लागत." आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. पुढे २०१६ साली त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाली, आलेख निघाला, वयोमानाप्रमाणे वरच्या पट्टीतलं थोडं कमी ऐकू येतं असं निघालं. झालं! आम्हाला उत्तर मिळालं. कान थकले. त्यानंतर अण्णा त्या विषयावर बोलले नाहीत. हळूहळू सीडी लावणंही बंद झालं. परत छोटा ट्रान्झिस्टर उशाशी आला. बत्तीस हजारांचा स्टिरिओ गणपतीत आरत्या लावायला उरला.

२०२३च्या मे महिन्यात पावसाच्या आधी घराला रंग काढला. शोकेस पुढे ओढली. भाचा डिप्लोमा करतोय, तो मागे वाकून बघत होता. म्हणाला, "मामा, ह्यातली एक वायर उलटी जोडलीय का?" त्याने ॲम्पकडचं टोक सोडवलं आणि पेन्सिल सेल लावून बघितलं. डाव्या स्पीकरचा पडदा बाहेर आला. उजव्याचा, तशाच जोडणीत, आत गेला.

बारा वर्षं.

त्या पारदर्शक वायरीच्या दोन्ही तारा सारख्याच तांबूस. प्लस कुठली आणि मायनस कुठली हे ओळखायला एका कडेने अगदी बारीक रेघ होती, बोटाला जेमतेम लागेल अशी. बाण मात्र ठळक. मी बाण पाहिले, रेघ पाहिली नाही.

एक स्पीकर उलटा जोडला की काय होतं? एकाचा पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढतो. खालच्या स्वरांच्या लाटा लांबलचक असतात, १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटरची. दोन स्पीकर चार फुटांवर असतील तर त्या लाटा एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. म्हणजे डग्गा जातो. आणि जुनी मोनो रेकॉर्डिंग असतील, जी अण्णांची सगळीच होती, तर दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो आणि गायक नेमका मधोमध दिसायला हवा. उलट्या जोडणीत तो मधे दिसत नाही, पसरतो. "कुठनंतरी सगळीकडनं येतोय." अण्णांनी पहिल्या आठवड्यात जे सांगितलं होतं ते एखाद्या इंजिनिअरने लिहून द्यावं इतकं अचूक होतं.

आणि सगळ्यात मला काय बोचतं? डॉक्टरांच्या आलेखात कमी झालेले स्वर वरचे होते. अण्णांची तक्रार खालच्या स्वरांची होती. दोन्ही कागद, म्हणजे एक कागद आणि एक माणूस, आमच्या समोर होते. आम्ही ते जुळवून बघितलेच नाहीत. साडेआठशे रुपये मीटरच्या वायरीत चूक असेल असं मनातही आलं नाही. सत्तरीच्या माणसाच्या कानात असेल हे मात्र लगेच पटलं.

म्हणून मला ह्या वायरीच्या शास्त्राचा राग आहे. आता मुद्द्यावर येतो.

सारख्या लांबीचा मुद्दा आधी घेऊ. "एका बाजूचा आवाज आधी पोचतो" हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की कोणी गणित करत नाही. आपण करू. वायरीतून सिग्नल साधारण सेकंदाला दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. प्रकाशाच्या वेगाच्या दोन-तृतीयांश धरा, वायरीप्रमाणे थोडा कमीजास्त. डावी वायर तीन मीटर, उजवी अकरा. फरक आठ मीटर. वेळेतला फरक ४० नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात हवेतला आवाज किती पुढे जातो? हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास. म्हणजे एका मिलिमीटरचा साधारण सत्तरावा भाग. डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी!

दोन कानांमधला वेळेचा जो सगळ्यात बारीक फरक माणसाला कळू शकतो तो दहा मायक्रोसेकंदांच्या घरातला आहे, तोही शांत खोलीत, लक्ष देऊन ऐकणाऱ्याला. आमचा ४० नॅनोसेकंदांचा फरक त्याच्या अडीचशेपट लहान. तो फरक कानाला जेमतेम कळण्याजोगा करायचा असेल तर एक वायर दुसरीपेक्षा दोन किलोमीटर लांब लागेल. माझ्या अंगणातून निघालेली वायर थेट एमआयडीसीत पोचेल, अशा लांबीची गोष्ट आहे ही. आणि खुर्चीत बसल्या बसल्या तुमची मान एक सेंटीमीटर डावीकडे कलली, तर वेळेत जो फरक पडतो तो ह्या आठ मीटर वायरीच्या फरकाच्या शेकडोपट असतो. मान कलली म्हणून कोणी गाणं थांबवतं का?

वेळेचा फरक खरा कुठे कळतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. शिमग्याला किंवा सप्ताहाला देवळाजवळ एक कर्णा आणि वाडीच्या टोकाला दुसरा. मधे उभं राहिलं की बुवांचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. तो उशीर हवेतला. शंभर मीटरला साधारण पाव सेकंदाहून थोडा जास्तच. तारेतला नव्हे! आणि तो लाऊडस्पीकरवाला, जो झाडावर चढून कर्णा बांधतो, तो कधी दोन्ही कर्ण्यांच्या तारा सारख्या कापतो का? एक तीस फूट, एक तीनशे फूट. त्याची काळजी वेगळी असते. लांब तारेत ताकद वाया जाते, म्हणून तो "शंभर व्होल्ट लाइन" वापरतो. ॲम्पमधून जास्त व्होल्टेजवर, कमी करंटने सिग्नल पाठवायचा आणि कर्ण्यापाशी छोट्या ट्रान्सफॉर्मरने परत खाली आणायचा. आपल्याच जिल्ह्यात पोफळीला कोयनेची वीज तयार होते, ती लांब पाठवताना हीच युक्ती मोठ्या प्रमाणात करतात. व्होल्टेज चढवायचं, करंट उतरवायचा, तारेतली नासाडी कमी करायची. लांबीचा खरा प्रश्न हा आहे. वेळ नाही, नासाडी. आणि तो मोजता येतो.

तर मोजूया. (गणिताचा कंटाळा असेल त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण मावशी, तू शाळेत गणित शिकवायचीस, तू वाच.) एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे ०.०१७ ओहम रोध असतो. दीड चौरस मिलिमीटरला ०.०११५. अडीचला ०.००७. वायर जाते आणि परत येते, म्हणून लांबीची दुप्पट धरायची. अकरा मीटरची दीडची वायर म्हणजे बावीस मीटर तार, साधारण पाव ओहम. तीन मीटरची म्हणजे सहा मीटर तार, ०.०७ ओहम. स्पीकर आठ ओहमचा. दोन्ही बाजूंच्या आवाजात फरक किती पडला? डेसिबलचा पाचवा हिस्सा. अडीचची वायर घेतली तर आठव्या हिश्शाच्या आसपास. गाणं ऐकताना एक डेसिबलचा फरकही पटकन लक्षात येत नाही. आणि एवढ्यानेही जीव तळमळत असेल तर ॲम्पवर बॅलन्सची कळ असते. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

मॅकिंटॉश ह्या अमेरिकन कंपनीत अनेक वर्षं स्पीकरच्या संशोधनाचं काम केलेले रॉजर रसेल ह्यांनी एक साधा नियम लिहून ठेवलाय. वायरीचा एकूण रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही. आठ ओहमला ०.४ ओहम. म्हणजे दीडची वायर सतरा मीटरपर्यंत बिनघोर चालते. अडीचची त्याहून कितीतरी लांब. चार ओहमचा स्पीकर असेल तर ह्या लांब्या निम्म्या करायच्या. संपलं शास्त्र! एवढं लक्षात ठेवलं की दुकानात कोणी फसवू शकत नाही.

माझा विरोध सरसकट नाही. तार फार बारीक असेल, त्या दहा रुपये मीटरच्या केसासारख्या तारांसारखी, आणि एक बाजू फार लांब असेल, तर फरक ऐकू येईल. स्पीकरचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो, त्यामुळे बारीक तार नुसता आवाज कमी करत नाही, त्याचा रंगही थोडा बदलते. हे खरं आहे. पण त्यावर उपाय जाड तार हा आहे. छोट्या बाजूची वायर उगाच लांब करणं हा नाही. ते म्हणजे धाकट्याला कमी मार्क पडले म्हणून थोरल्याचा पेपर फाडण्यासारखं.

आता गुंडाळी. "गुंडाळी केली की कॉइल होते" हेही अर्धवट ज्ञान. एकाच तारेचं वेटोळं केलं तर कॉइल होते, बरोबर. पण स्पीकरच्या वायरीत दोन तारा शेजारी शेजारी असतात आणि त्यांतले करंट एकमेकांच्या उलट दिशेने. एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरी पुसून टाकते. जोडवायरीचं वेटोळं केलं काय आणि सरळ पसरली काय, ऐकण्यात फरक पडत नाही. तेव्हा उरलेली वायर खुशाल गुंडाळून ठेवा. फक्त तिच्यावर झाडू अडकणार नाही एवढं बघा, नाहीतर घरातल्या बाईमाणसांचं ऐकून घ्यावं लागेल ते वेगळंच!

बाणांबद्दल काय बोलणार? स्पीकरच्या वायरीतून जाणारा सिग्नल सेकंदात शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो. त्याला एका दिशेचा बाण दाखवणं म्हणजे झोपाळ्याला "इकडून तिकडे" अशी पाटी लावणं.

"पण मला फरक ऐकू येतो" हा भावोजींचा शेवटचा आणि सगळ्यात जोरदार मुद्दा. भावोजी, तुम्ही खोटं बोलताय असं मी कधीच म्हणणार नाही. तुम्हाला ऐकू येतोच. प्रश्न एवढाच आहे की तो वायरीतून येतो की पावतीतून. २००७ साली जेम्स रँडी ह्या जादूगाराने, जो बुवाबाजी उघडी पाडण्यासाठी प्रसिद्ध होता, जाहीर केलं होतं की ७,२५० डॉलरची बारा फुटी स्पीकर वायर आणि साधी चांगली वायर ह्यांतला फरक न बघता ओळखून दाखवा, दहा लाख डॉलर घेऊन जा. एक नावाजलेला समीक्षक पुढे आला, बोलणी झाली, वादावादी झाली, पण वायरवाल्या कंपनीने माघार घेतली आणि ती परीक्षा झालीच नाही. आपल्याकडे अंनिस चमत्कार सिद्ध करणाऱ्यांना आव्हान देते, त्याच जातीची ही गोष्ट. फक्त इथे बुवाच्या जागी वॉरंटी कार्ड असतं.

आम्ही घरीही करून बघितलं. भावोजी मागच्या दिवाळीला आले होते तेव्हा भाचा पडद्यामागे बसला, नाणं उडवून कधी जुनी साडेआठशेची तर कधी नवी साधी वायर जोडत होता. दहा वेळा. भावोजींनी सहा वेळा बरोबर ओळखलं. त्यांनी ते यश म्हणून घेतलं, मी नाणेफेक म्हणून. दहा वेळांवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही मान्य आहे. पण आधी ते "रात्र आणि दिवस" म्हणत होते. रात्र आणि दिवसात दहापैकी चार वेळा कोणी चुकत नाही हो!

मला महाग वायरीचा राग पैशासाठी नाही. ज्याचे पैसे त्याने कुठेही घालावेत. राग ह्यासाठी आहे की मीटरने महाग असलेली वस्तू माणूस कमी घेतो. वायर तोकडी आली की स्पीकर कोंबले जातात. स्पीकर वायरीच्या मागे जातात, आणि ऐकणारा माणूस जिथे असेल तिथे पडतो. स्टिरिओ ही कल्पनाच त्यामुळे मरते. ॲलन ब्लमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज केला. सिनेमाच्या पडद्यावर नट एका बाजूला आणि आवाज दुसरीकडूनच, हे त्याला खटकत होतं. आवाज माणसाच्या मागोमाग जायला हवा, हा सगळा त्याचा ध्यास. आम्ही बरोबर उलटं केलं. माणसाला आवाजाच्या मागोमाग फिरायला लावलं, आणि तो फिरू शकला नाही तेव्हा त्याचे कान काढले.

तर क्रम असा हवा. आधी खुर्ची. घरातलं कोण ऐकणार आणि ते कुठे बसतात, ते त्यांना विचारा. मग स्पीकर. दोन स्पीकर आणि खुर्ची मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा, स्पीकर कानाच्या उंचीवर, भिंतीपासून थोडे पुढे. आमच्या चिऱ्याच्या भिंती आणि लादी ह्यांनी आवाज फार घुमतो, म्हणून समोर सतरंजी टाकली आणि मागच्या भिंतीला पुस्तकांची मांडणी. मग ॲम्प, प्लग असेल तिथे. आणि सगळ्यात शेवटी वायर. दोरी घेऊन प्रत्यक्ष वाटेने मोजा, हवेतून नव्हे. भिंतीच्या कडेने, कोपऱ्यातून, दार आलं तर चौकटीवरून चढून आणि उतरून. एका दाराला चौदा-पंधरा फूट जातात, हे सगळेच विसरतात. त्यावर प्रत्येक बाजूला हातभर-दोन हात जास्त धरा. झाडताना स्पीकर पुढे ओढता यायला हवा. शिवाय आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत तांब्याची उघडी टोकं दोन-चार पावसाळ्यांत काळी-हिरवी पडतात. ती इंचभर कापून नवी सोलता यायला हवीत. लांबी जास्त असण्याने काही बिघडत नाही, कमी पडली तर सगळं बिघडतं.

घेताना एवढंच बघा की तांबं अस्सल आहे. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार हल्ली बरीच मिळते, तिचा रोध अस्सल तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. ब्लेडने एक तार खरवडा, आत पांढरी निघाली तर परत द्या. आणि लाल-काळी वायर घ्या. पारदर्शक नको. बाणवाली तर नकोच.

आम्ही रत्नागिरीतून, इलेक्ट्रिकच्या साध्या दुकानातून, दीड चौरस मिलिमीटरची लाल-काळी जोडवायर घेतली. डावीकडे तीन मीटर, उजवीकडे अकरा. हजार रुपयांच्या आत झालं. उजवी चौकटीवरून पट्टीत घालून नेली. अण्णांची खुर्ची खिडकीशीच राहिली, स्पीकर तिच्याकडे तोंड करून आले. भाच्याने सेल लावून दोन्ही पडदे बाहेर येतात हे तिनदा तपासलं.

मग बालगंधर्वांची सीडी लावली. अण्णा ८२ वर्षांचे. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डग्गा आला."

मी विचारलं, "आणि अण्णा, गाणारा मधे बसला का?"

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "मधे नाही. जरा डावीकडे."

ह्या वेळी वायर बरोबर होती. पुन्हा सेल लावून बघितली, बरोबरच होती. ह्या वेळी खरंच कान होता. मधल्या बारा वर्षांत उजवा कान डाव्यापेक्षा जास्त उतरला होता, पुढे तपासणीत तसंच निघालं. ज्या दिवसांत दोन्ही कान सारखे होते, ते दिवस आम्ही त्यांना "सवय होईल" म्हणण्यात घालवले.

मग मी बॅलन्सची कळ उजवीकडे दोन घरं फिरवली आणि खुर्ची एक वीत उजवीकडे सरकवली. ज्यांना शुद्धतेचा फार सोस आहे ते ही कळ कमी प्रतीची समजतात. पुष्कळ महागड्या ॲम्पवर ती नसतेच, सिग्नलची वाट मोकळी राहावी म्हणून. आमच्या बत्तीस हजारांच्या सिस्टिममध्ये तेवढी एक गोष्ट अण्णांच्या उपयोगी पडली.

"आता?"

"आता बसला," अण्णा म्हणाले. "राहू दे तसंच, हात लावू नकोस."

तेव्हापासून त्या कळीवर चिकटपट्टी आहे. भावोजी, दिवाळीला याल तेव्हा ती मधोमध आणायला जाऊ नका.